पापाचे वाटेकरी



आजच्या व्याख्यानासाठी मला दिलेला विषय 'समूह आणि व्यक्तीची जबाबदारी' असा आहे. विषय तत्त्वचिंतकाला शोभणारा आहे आणि मी तत्त्वचिंतक नाही. मी वृत्तपत्रात वाक्ये लिहिणारा आणि इतरांची वाक्ये दुरुस्त करणारा माणूस आहे. म्हणून आमच्या व्यवसायातल्या एका वाक्यापासूनच आरंभ करतो. 'संतप्त जमावाने केलेल्या मारहाणीत त्यांचा मृत्यू झाला.' हे वाक्य आपण सर्वांनी अनेकदा वाचले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. पण नीट पाहा, त्या वाक्यात मारणारा माणूस कोठेच नाही. जमाव आहे, मारहाण आहे, मृत्यू आहे. हात कोणाचा, ते नाही. आणि 'संतप्त' हे विशेषण तर आरोपीचे वकीलपत्र घेऊनच उभे आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारण्यात आले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची पोलिसांच्या देखत हत्या झाली. या दोन्ही ठिकाणी मारणारे हात कोणा परग्रहावरून आलेले नव्हते. त्या हातांना नावे होती, घरे होती. सकाळी त्याच हातांनी घरातल्या लेकरांना घास भरविला असेल. मग एकटा असताना मुंगी मारायला कचरणारा माणूस गर्दीत शिरला की दगड का उचलतो? आणि दगड टाकून घरी आल्यावर त्याला झोप कशी लागते?

माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. गर्दी माणसाला एक खोटे आश्वासन देते: 'आपण पुष्कळ जण आहोत, तेव्हा पाप वाटले जाईल आणि तुझ्या वाट्याला जवळजवळ काहीच येणार नाही.' हे आश्वासन किती पोकळ आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

वाल्याचा प्रश्न

आपल्याकडे हे लहान मुलालाही ठाऊक असते, कारण वाल्या कोळ्याची गोष्ट त्याने ऐकलेली असते. आपण त्या गोष्टीकडे नाममाहात्म्याची कथा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण तिचा कणा एका हिशेबी प्रश्नात आहे. नारद वाल्याला 'तू पापी आहेस' असे सांगत बसत नाहीत. ते त्याला घरी जाऊन एवढेच विचारून यायला सांगतात, की ज्यांच्यासाठी तू हे करतोस ते या पापाचे वाटेकरी होतील काय? बायकोपोरे नकार देतात. वाटमारीच्या धनात वाटा हवा, पापात नको. त्या नकारानंतर वाल्यापुढे दोन मार्ग होते. घरच्यांच्या कृतघ्नतेवर चिडून सारा दोष त्यांच्या माथी मारणे हा एक. आणि मी केले ते माझे आहे, हे ओळखणे हा दुसरा. त्याने दुसरा धरला, म्हणून तो वाल्मीकी झाला. पहिला धरला असता तर तो एक तक्रारखोर वाटमाऱ्या राहिला असता, इतकेच.

सभेचा हिशेब

वाल्याच्या पुढची पायरी महाभारतात आहे. तेथे प्रश्न एका घराचा नाही, भरलेल्या राजसभेचा आहे. द्यूतसभेत द्रौपदीला ओढून आणले तेव्हा दुःशासन एकटाच होता आणि पाहणारे शेकडो होते. भीष्म होते, द्रोण होते, कृप होते. द्रौपदीने सभेला कायद्याचा नेमका प्रश्न विचारला: जो आधी स्वतःला हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? भीष्मांनी उत्तर दिले की धर्माची गती सूक्ष्म आहे, मला निर्णय करता येत नाही. पितामहांच्या विद्वत्तेविषयी कोणाला शंका नाही. पण समोर एका कुलवधूची विटंबना चालली असताना धर्म एकाएकी सूक्ष्म होतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. माणसाला निर्णय टाळायचा असला की साधा प्रश्न फार गुंतागुंतीचा वाटू लागतो.

त्या सभेत दोघे बोलले. एक विदुर आणि दुसरा धृतराष्ट्राचाच पुत्र विकर्ण. विकर्ण बोलताच कर्णाने त्याला झिडकारले; त्याचा आशय असा की, तू पोर आहेस, इतके वडीलधारे गप्प असताना तुला त्यांच्याहून अधिक कळते काय? समूहाचे दडपण कसे काम करते त्याचा हा आदिम नमुना आहे. विकर्णाचा मुद्दा कोणी खोडला नाही. त्याचे वय काढले, त्याची पायरी दाखविली आणि तो आपल्यांच्या विरुद्ध बोलतो आहे, असे सूचित केले. आजही बैठकींत, कार्यालयांत, महाविद्यालयांच्या वसतिगृहांत विकर्णाचे तोंड याच तीन उपायांनी बंद केले जाते.

विदुराने मात्र सभेला एक जुनी कथा सांगितली. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि अंगिरस ऋषींचा पुत्र सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण, यावर प्राणांची पैज लागली आणि निर्णयासाठी दोघे प्रल्हादाकडेच आले. एका पारड्यात पोटचा मुलगा, दुसऱ्यात सत्य. प्रल्हादाने कश्यपांना विचारले, तेव्हा कश्यपांनी जो हिशेब सांगितला तो प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. सभेत निंद्य कृत्य घडूनही त्याची निंदा झाली नाही, तर पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाकडे जातो, चौथा हिस्सा करणाऱ्याकडे आणि उरलेला चौथा हिस्सा गप्प बसलेल्या सभासदांकडे. आणि निंद्याची निंदा झाली तर प्रमुख निर्दोष होतो, सभासद मुक्त होतात आणि सारे पाप करणाऱ्यावर जाते. प्रल्हादाने हे ऐकले आणि निकाल आपल्या मुलाविरुद्ध दिला.

या हिशेबातली दोन कलमे ध्यानात घ्या. पहिले असे, की सर्वांत मोठा वाटा हात उगारणाऱ्याचा नाही, नेतृत्वाचा आहे. 'मुले उत्साहाच्या भरात वाहवली' असे म्हणून हात झटकणाऱ्या नेत्याला हे शास्त्र अर्धे पाप देते. दुसरे असे, की गप्प राहणे ही तटस्थता नाही, तो चौथा हिस्सा आहे. आधुनिक कायदाही याच वाटेने गेला आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा. तक्रार येऊनही संस्थाप्रमुखाने कारवाई टाळली, तर तो त्या गुन्ह्याला साहाय्य करणारा मानला जातो. बेकायदा जमावाच्या समान उद्देशासाठी एकाने केलेला गुन्हा त्या जमावातील प्रत्येकाचा मानावा, हे तत्त्व भारतीय दंड संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. म्हणजे कश्यपांचा हिशेब न्यायालयातही फारसा चुकत नाही.

आता सभेतल्या माणसांचे पुढे काय झाले ते पाहू. धृतराष्ट्र अखेरपर्यंत दैवाला दोष देत राहिला आणि दोष तुझाच आहे, असे संजय त्याला पुनःपुन्हा बजावत राहिला. भीष्मांनी युद्धाच्या आरंभी युधिष्ठिराला सांगितले की मी कौरवांच्या अर्थाने बांधलेला आहे. ही कबुली प्रामाणिक आहे, पण ती दोषाची नाही, अगतिकतेची आहे. विकर्ण सभेत बोलला, पण लढला कौरवांच्याच बाजूने आणि भीमाच्या हातून मारला गेला. त्याला मारून भीमच हळहळला. कर्णाने युद्धापूर्वी श्रीकृष्णाजवळ मान्य केले, की दुर्योधनाला खूश करण्यासाठी मी पांडवांना कटू बोललो आणि त्या कर्माचा मला पश्चात्ताप होतो. 'त्याला खूश करण्यासाठी' या एका कारणात समूहाच्या दडपणाचे सारे मानसशास्त्र आले. पण पश्चात्ताप होऊनही कर्ण तेथून हलला नाही. आणि युधिष्ठिर? वनवासात भीम त्याला टाकून बोलला तेव्हा धर्मराजाने शकुनीच्या कपटाआड तोंड लपविले नाही. माझ्या अनीतीमुळेच हे संकट तुमच्यावर आले, हे त्याने मान्य केले. फासे कपटाचे होते, हे खरे. पण खेळायला बसलो मी, हेही खरे. राज्य परत मिळविण्याचा नैतिक अधिकार त्याला या कबुलीनेच दिला, असे मी मानतो.

एका अक्षराची पळवाट

पुराणकाळातून आता आपल्या पुण्यात येऊ. ३० ऑगस्ट १७७३. गणेशोत्सवाचे दिवस. शनिवारवाड्यात भरदुपारी गारदी घुसले आणि अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा त्यांनी खून केला. जिवाच्या आकांताने तो तरुण चुलत्याच्या, रघुनाथरावांच्या गळ्यात जाऊन पडला होता. त्याला वाचवायला चाफाजी टिळेकर हा सेवक अंगावर आडवा पडला आणि धन्याबरोबर मेला.

या खुनाची गोष्ट मराठी माणसाला एका वाक्प्रचाराने ठाऊक आहे: 'ध'चा 'मा' करणे. रघुनाथरावांनी म्हणे 'धरावे' असे लिहिले होते, आनंदीबाईंनी त्याचे 'मारावे' केले. तो कागद आजवर कोणी दाखविलेला नाही आणि अभ्यासकांनी या आख्यायिकेविषयी शंका घेतल्या आहेत. तरीही ती अडीचशे वर्षे टिकली, कारण ती सर्वांच्या सोयीची आहे. रघुनाथराव म्हणू शकतात, मी धरायला सांगितले होते. सुमेरसिंग गारदी म्हणू शकतो, मी हुकूम पाळला. कारस्थानात सामील झालेले कारकून म्हणू शकतात, आम्ही निरोप पोहोचविला. साऱ्या कटाचे पाप एका अक्षरावर आणि एका स्त्रीवर ढकलून पुरुषमंडळी मोकळी! आणि क्षणभर मानू की ती आख्यायिका खरी आहे. मग 'धरावे' हा काय पुण्याचा हुकूम होता? राज्याच्या धन्यावर भाडोत्री तलवारी सोडायच्या आणि त्या तलवारींनी शब्दाची मर्यादा पाळावी अशी अपेक्षा करायची? जो जमाव सोडतो, तो जमावाने काय केले याची जबाबदारी नाकारू शकत नाही.

हे ओळखणारा एक माणूस त्या पुण्यात होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. थोडेथोडके नव्हे, पन्नासच्या आसपास माणसे या ना त्या प्रमाणात दोषी आढळली. त्यांत गारदी होते, तसेच पुण्यातले प्रतिष्ठितही होते. इतके जण गुंतलेले असताना 'प्रकरण मिटवा' हा सल्ला देणारे किती असतील, याची कल्पना करा. शिवाय पेशवाईची वस्त्रे आता रघुनाथरावांच्याच अंगावर होती. पण रामशास्त्र्यांनी हिशेब कश्यपांचा केला, प्रमुखापासून. प्रायश्चित्त कोणते, असे विचारता त्यांनी देहान्ताचे सांगितले आणि तुमच्या राज्यात राहणार नाही, असे म्हणून ते पुणे सोडून वाईजवळ जाऊन राहिले.

रघुनाथरावांनी प्रायश्चित्त घेतले नाही. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके आदींनी बारभाईंचे कारभारीमंडळ उभारून त्यांना दूर केले. मग आपला दोष नाकारण्यासाठी आणि गादी राखण्यासाठी हा पराक्रमी पुरुष, ज्याच्या फौजांनी कधीकाळी अटकेपर्यंत मजल मारली होती, इंग्रजांच्या दारात गेला. ६ मार्च १७७५ चा सुरतेचा तह आणि त्यातून पेटलेले पहिले इंग्रज-मराठा युद्ध हे त्या नाकारलेल्या प्रायश्चित्ताचे फळ आहे. एका माणसाने 'होय, मी केले' म्हणण्याचे टाळले आणि त्याची किंमत सात वर्षे सबंध राष्ट्राने मोजली. 'आपल्या माणसाचा दोष उघड केला तर शत्रूचे फावेल' असे आपण नेहमी म्हणतो. इतिहास नेमके उलटे सांगतो: दोष झाकला, तेव्हाच शत्रूचे फावले.

वरून आलेला आदेश

तिसरे उदाहरण या सभागृहातील ज्येष्ठांनी अंगावर झेललेले आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. मिसाखाली हजारो निरपराध माणसे तुरुंगात गेली. त्यांना अटक करणारे कोण होते? कोणी परकीय नव्हते. आपल्यातलेच जिल्हाधिकारी, फौजदार, कारकून. पुढे १९७७ साली नेमलेल्या शहा आयोगापुढे त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितले की वरून तोंडी आदेश होते. स्थानबद्धतेच्या आदेशांवर कारणे न पाहता सह्या झाल्या होत्या. नोकरी जाईल, आपल्यालाच आत टाकतील, ही भीती खोटी नव्हती. दडपण खरे असते, हे मी नाकारत नाही. पण सही ज्याने केली त्याचीच असते.

सर्वोच्च न्यायालयात प्रश्न आला, की स्थानबद्ध माणसाला न्यायालयाचे दार ठोठावता येईल की नाही? नऊ उच्च न्यायालयांनी नागरिकाच्या बाजूने कौल दिलेला होता. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सरकारी पक्षाला विचारले, की पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तरी दाद नाही काय? उत्तर आले, आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चौघा न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकटे खन्ना वेगळे उभे राहिले. या निकालपत्राची किंमत सरन्यायाधीशपद असेल, हे त्यांनी बहिणीला आधीच सांगितले होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना ते पद देण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्या चौघांपैकी न्यायमूर्ती भगवती यांनी २०११ साली, ३५ वर्षांनी, तो निर्णय चुकीचा होता असे जाहीरपणे मान्य करून खेद व्यक्त केला. उशीर झाला खरा. पण कबुली दिली, हेही नोंदविले पाहिजे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्दबातल ठरविला, तेव्हा खन्नांचे एकाकी मत हाच देशाचा कायदा झाला.

आपल्या सभेतला विकर्ण

आणीबाणीचे उदाहरण दिले की आपल्या सभांमध्ये टाळ्या पडतात, कारण त्या वेळी आपण सोसणाऱ्यांच्या बाजूला होतो. पण बंधूंनो, माणसाची परीक्षा तो सोसत असताना जेवढी होते, त्याहून कठीण परीक्षा तो बहुसंख्येत असताना होते. तेव्हा सभा आपली असते, प्रमुख आपला असतो, दुःशासनही आपलाच कोणी असतो. आपल्या माणसाकडून काही अनुचित घडले की आपण पायरीपायरीने मागे सरकतो. आधी म्हणतो, असे घडलेच नाही. मग म्हणतो, घडले असले तरी आपल्यांनी केले नाही. मग म्हणतो, केले असेल, पण चिथावणी समोरच्याची होती. आणि शेवटी म्हणतो, त्यांनी याहून वाईट केले तेव्हा तुम्ही कोठे होता? या चारही वाक्यांत एक शब्द कधीच येत नाही: 'मी'.

संघटनेत अनुशासन असावेच लागते. पण अनुशासन म्हणजे विवेक गहाण टाकणे नव्हे. पाय एका तालात पडावेत यासाठी अनुशासन आहे. ते पाय कोणाला तुडवू लागले तर थांबण्याचे धैर्यही त्याच अनुशासनाचा भाग आहे. जी संघटना आपल्या विकर्णाला 'तू पोर आहेस' म्हणून बसविते, तिला पुढे भीष्मांची अगतिकता आणि धृतराष्ट्राचे दैव यांवरच दिवस काढावे लागतात.

'आपण सारेच दोषी आहोत' हे उदार वाटणारे वाक्यही जपून वापरा. सारे दोषी ठरले की कोणीच दोषी राहत नाही. प्रल्हादाला कश्यपांनी 'सभा दोषी' असे ढोबळ सांगितले नाही. कोणाचा वाटा किती, तेही सांगितले. जबाबदारी घेणे म्हणजे आपला वाटा मोजून उचलणे. कमी नाही आणि नाटकी रीतीने जास्तही नाही.

ते कसे करावे? उपाय व्याकरणाचाच सांगतो. 'चूक झाली' असे म्हणू नका; 'मी चूक केली' असे म्हणा. ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर जाऊन म्हणा. वाक्याच्या शेवटी 'पण' जोडू नका, कारण 'पण'नंतर जे येते ते कबुलीला खाऊन टाकते. भरपाई शक्य असेल तर ती करा आणि शिक्षा असेल तर ती घ्या. हे घरापासून सुरू करावे लागेल. मुलगा शाळेतून तक्रार घेऊन आला, की चौघांनी मिळून एकाचा डबा सांडला, आणि म्हणाला 'सगळेच होते', तर आईवडिलांनी त्याला एकच विचारावे: 'बाळा, त्यात तुझा हात कोणता होता?' हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरातला मुलगा उद्या कोणत्याही गर्दीत दगड उचलताना क्षणभर थांबेल. तो क्षण एखाद्या निरपराधाचा जीव वाचविण्यास पुरेसा असतो.

शेकडोंच्या त्या राजसभेत दोघेच बोलले. पाचांच्या न्यायपीठावर एकच वेगळा उभा राहिला. सबंध पुण्यात निकाल सांगणारा शास्त्री एकच निघाला. ही संख्या नेहमीच लहान असते. पण धर्म टिकला तो या लहान संख्येमुळे. आपल्या संस्थेत, आपल्या पेठेत, आपल्या घरात ती संख्या एकाने वाढावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि माझे विवेचन संपवितो.